खिद्रापूर: इथं तिकीट बारा महिने माफ

१८ एप्रिल जवळ आला की आमच्या भिशीच्या ग्रुपवर मेसेज सुरू होतात, 'जागतिक वारसा दिनाला पुरातत्त्व खात्याचं तिकीट माफ, चला वेरूळला!' कल्पना मला मनापासून आवडते. पण वेरूळचं तिकीट माणशी ४० रुपये, आणि पंधरा वर्षांखालच्या पोरांना ते एरवीही लागत नाही. तिकीट माफ झालं म्हणून कोल्हापुरातनं गाडीभाडं थोडंच माफ होतं? म्हणून यंदा हट्टानं सगळ्याजणींना शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरला नेलं. कोपेश्वर मंदिर त्याच खात्याचं संरक्षित स्मारक आहे, आणि तिथं कुठल्याच दिवशी तिकीट नाही.

शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं हे काम. आत शिरताच स्वर्गमंडप. ४८ खांब, मधल्या बारा खांबांचं गोल रिंगण आणि त्यावर छतच नाही, थेट आभाळ. खाली तेवढीच गोल शिळा. तिच्यावर उभं राहून वर बघायचं आणि मग नजर कडेनं फिरवायची: मोरावरचा कार्तिकेय, आपापल्या वाहनांवर बसलेले अष्टदिक्पाल. आमच्या जाऊबाई तिथनं हलेनात.

माझा जीव मात्र बाहेरच्या गजपट्टात अडकला. मंदिराचा भार पाठीवर घेतलेले ९२ हत्ती, आणि एकाचा साज दुसऱ्याला नाही. एकाच्या गळ्यातल्या घंटेचा दोर पिळासकट कोरलाय. बऱ्याच जणांच्या सोंडा तुटल्यात, ते बघून पोटात कालवतं. गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी, म्हणजे शंकराशेजारी, धोपेश्वर, म्हणजे विष्णू, लिंगरूपात आहे. नंदी मात्र इथं नाही. तो नदीपलीकडं कर्नाटकात यडूरला, असं लोक सांगतात.

आता कामाचं. एप्रिलात दुपारी फरशी अशी तापते की अनवाणी पाय टेकवत नाही, तेव्हा सकाळी आठच्या आत पोचा. एसटीनं जायचं तर कुरुंदवाड गाठून पुढची गाडी धरा. पाणी घरनंच न्या. जेवण येताना नरसोबाच्या वाडीत करा, आणि बासुंदी, कवठाची बर्फी घेतल्याशिवाय निघू नका. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी किती चढलंय ते विचारूनच निघायचं. त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र त्या गोलातनं बघायला तोबा गर्दी होते. लहान मुलं, म्हातारी माणसं बरोबर असतील तर दुसरा दिवस निवडा.

माझ्याकडनं पाचपैकी पाच. एकच हात जोडून विनंती: त्या हत्तींना हळदीकुंकू लावू नका, फोटोसाठी पोरांना त्यांच्यावर बसवू नका. आमच्यादेखत एकानं बसवलं होतं. मी सांगितल्यावर त्यानं मुकाट्यानं उतरवलं, तेव्हा तुम्हीही बघितलंत तर बोला.