टी२०६ बेसबॉल कार्डांची पारख: भिंग आणि अतिनील टॉर्च, नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेली, संग्राहकांमध्ये ‘टी२०६’ या नावाने ओळखली जाणारी बेसबॉल कार्डे मी न्यू जर्सीत आल्यावर जमवू लागलो आणि ती पारखण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग व ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घेतला. नऊ महिन्यांनंतर सांगायचे तर अस्सल-नक्कल ओळखण्यात या दोन्हींनी मला चांगली साथ दिली. कार्डाची अवस्था ठरवताना मात्र ती अपुरी पडली.

ही कार्डे शिळामुद्रणाने, एकावर एक रंग चढवून छापलेली आहेत. त्यामुळे भिंगाखाली खेळाडूच्या गालावर लहानमोठे, अनियमित ठिपके दिसतात आणि तळाचे तपकिरी नाव मात्र सलग शाईचे असते. अलीकडच्या पुनर्मुद्रणांत ती अक्षरेही जाळीसारख्या ठिपक्यांनी बनलेली आढळतात. सहज म्हणून घरातल्या रविवर्मा प्रेसच्या जुन्या लक्ष्मीवर भिंग धरले, तर तिच्या गालावरही तसलेच ठिपके निघाले!

टॉर्च घेताना आधी स्वस्तातला ३९५ नॅनोमीटरचा घेतला, ती चूक झाली, कारण त्याच्या जांभळ्या उजेडात सगळेच कागद जांभळे दिसतात. ३६५ च्या प्रकाशात, कागद शुभ्र करणारी आधुनिक रसायने असलेले कार्ड निळसर पांढरे चमकते आणि १९१० चे मंदच राहते. मात्र जुन्या कोऱ्या कागदावर केलेली नक्कलही मंदच राहील, म्हणून टॉर्चचा नकार मी मानतो, होकार मानत नाही.

माझी फसगत झाली ती घडीच्या रेघेने. पाठीवर पीडमाँट या सिगारेटची जाहिरात असलेले एक कार्ड मी केवळ टोकदार कोपरे पाहून ४ ग्रेडच्या (कार्डाच्या अवस्थेला १ ते १० मध्ये दिलेल्या दर्जाच्या) भावाने घेतले. घरी टेबलावरच्या दिव्याखाली ते तिरपे धरले, तेव्हा टोपीपासून खांद्यापर्यंत गेलेली, रंग न तुटलेली बारीक रेघ उमटली; माझ्या मते ते २ च्या आसपासचेच. विक्रेत्याने छायाचित्र समोरून काढले होते आणि वरून प्रकाश घेऊन लावलेल्या भिंगालाही ती रेघ सापडली नसती. आता प्रत्येक कार्ड मी आधी नुसत्या डोळ्यांनी, कडेच्या उजेडात फिरवून पाहतो.

कार्ड नवे दिसावे म्हणून मागाहून कापलेल्या कडा ओळखणे सर्वांत अवघड. ठरलेले माप १ ७/१६ बाय २ ५/८ इंच असले, तरी कारखान्यातली कापणीच कमीजास्त असे आणि अमेरिकन ब्यूटी या सिगारेटची कार्डे मुळातच किंचित अरुंद आहेत, तेव्हा मोजपट्टीवर निकाल देता येत नाही. १९९१ मध्ये आइस हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या संघाचे मालक ब्रूस मॅकनॉल यांनी ४,५१,००० डॉलरना घेतलेल्या, बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या टी२०६ कार्डाला पीएसए या ग्रेड देणाऱ्या कंपनीने ८ ग्रेड दिली होती; त्याच्या कडा आपण कापल्या होत्या, हे कार्डांचे व्यापारी व लिलावदार बिल मास्ट्रो यांनी पुढे २०१३ मध्ये न्यायालयात कबूल केले. मी कडेचे तंतू आणि रंग पाहतो. शंभर वर्षे हाताळलेली कड मऊ व मळकट असते, ताजी कापलेली पांढरी आणि करकरीत दिसते. तरीही माझ्या वहीत सहा कार्डांपुढे ‘शंका’ असाच शेरा आहे.

पोलर बेअर या तंबाखूच्या कार्डांवर सुट्या तंबाखूचे डाग असतात, ते मला खुपत नाहीत. जुन्या चिकटवहीतून उपटताना पाठीचा कागद निघालेले कार्ड मात्र, समोरून कितीही देखणे असले तरी, मी घेत नाही.

भिंगाच्या झाकणाचा स्क्रू दर महिन्याला सैल होतो, तो घड्याळजीच्या बारीक पेचकसाने आवळावा लागतो. बाकी तक्रार नाही.