आडत बाजाराचं बॅकएंड गो मध्ये: सोयाबीनचा एक हंगाम काढल्यानंतरचा अनुभव

नांदेड, संभाजीनगरकडची बरीच पोरं विचारायलेत की बॅकएंडसाठी (ॲपच्या मागं सर्व्हरवर चालणाऱ्या कोडसाठी) गो ही लँग्वेज घ्यावी का नोडच (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) बरं. आता सोयाबीनचा अख्खा हंगाम त्यावर गेलाय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो. मला लँग्वेज मनापासून आवडली आणि पुढचं कामही आम्ही त्यातच करायलोत. पण "गो लै फास्ट आहे" एवढ्याच कारणासाठी घेणार असाल तर थोडं थांबा, कारण आमच्या कामात स्पीडची अडचण कधीच नव्हती.

काम असं, की लातूरच्या मार्केट यार्डातल्या काही आडत दुकानांसाठी एपीआय, म्हणजे मोबाइल ॲप ज्याच्याशी बोलतं तो सर्व्हरवरचा कोड. सौदा झाला की भाव चढतो, मापाडी मोबाइलवर कट्ट्यांचं (पोत्यांचं) वजन टाकतो, मुनीम हमाली-तोलाई कापून पट्टी (विक्रीच्या हिशोबाची पावती) काढतो आणि कास्तकाराला मेसेज जातो. दिवाळीच्या आगेमागे आवक वाढली की हे सगळं एकाच टायमाला चालतं. मापाडी लॉटमधे कट्टे वाढवतोय, तेवढ्यात मुनीम तोच लॉट बंद करून पट्टी काढतोय, त्यात यार्डात नेटवर्क गेलं की ॲप तीच रिक्वेस्ट परत पाठवतं. दोन कट्टे डबल चढले तर पैसे आडत्याचे जातात, कमी चढले तर कास्तकाराचे, आणि वर्षभर राबून आणलेल्या मालाचा हिशोब आपल्या कोडमुळे चुकावा हे मला सहन होत नाही.

एपीआय लिहायला गो एकदम सुटसुटीत. फेब्रुवारी २०२४ ला आलेल्या गोच्या १.२२ आवृत्तीपासून स्टँडर्ड लायब्ररीच्या राउटरलाच (कुठली रिक्वेस्ट कुठल्या कोडकडं जायची ते ठरवणाऱ्या भागालाच) मेथड आणि पाथमधले व्हेरिएबल कळतात, त्यामुळे आम्ही फ्रेमवर्क घेतलंच नाही आणि कुठं अडलंही नाही.

आता मेन मुद्दा, कॉन्करन्सी, म्हणजे बरीच कामं एकाच वेळी चालणं. गोरूटीन, म्हणजे गो मधे बाकीच्यांसोबत चालणारं एक हलकं काम, साधारण २ केबीच्या स्टॅकवर (स्वतःच्या मेमरीवर) सुरू होतं, हजारो चालवली तरी सर्व्हर कुरकुरत नाही. पण नवीन माणसाच्या लक्षात येत नाही ती गोष्ट अशी, की तुम्ही स्वतः एकही गोरूटीन सुरू केलं नाही तरी तुमचे हँडलर (आलेली रिक्वेस्ट हाताळणारी फंक्शन) एकाच वेळी चालत असतात, कारण सर्व्हर प्रत्येक कनेक्शनला वेगळं गोरूटीन देतो. आजचे भाव एका साध्या मॅपमधे (मेमरीतल्या नाव-किंमत जोड्यांच्या यादीत) ठेवले आणि दोघांनी एकदम लिहिलं तर "कॉन्करंट मॅप राइट्स" म्हणून अख्खा प्रोसेस खाली येऊ शकतो, आणि रिकव्हर (पडता प्रोग्राम सावरायची गोची सोय) लावून तो वाचत नाही. मला हे पटतं. चुकीचा भाव गुपचूप जाण्यापेक्षा सर्व्हर पडलेला बरा. पण रनटाइम प्रत्येक वेळी पकडेलच असंही नाही, म्हणून म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावायचा आणि टेस्ट कायम रेस डिटेक्टर (दोन गोरूटीन एकाच डेटावर एकदम हात घालतात ती रेस पकडणारं गोचं साधन) चालू ठेवूनच चालवायच्या. त्याने टेस्ट दोनपट ते वीसपट हळू होतात, मेमरीही पाच-दहापट खातात, तरी ते सोडू नका. आणि जो कोड प्रत्यक्षात चालला त्यातलीच रेस तो पकडतो, म्हणून एकाच लॉटवर पन्नास गोरूटीन एकदम सोडणारी टेस्ट मुद्दाम लिहावी लागते.

रेस डिटेक्टर हिरवा आला म्हणजे झालं असं मात्र नाही, आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. दोन रिक्वेस्टनी डेटाबेसमधून लॉट वाचला, दोघींना तो उघडा दिसला, एकीने वजन टाकलं, दुसरीने पट्टी बंद केली, तर गोच्या मेमरीत रेस कुठंच नाही पण हिशोब बोंबलला. म्युटेक्स इथं एकाच प्रोसेसपुरता, सर्व्हरच्या दोन कॉपी चालवल्या की त्याचा उपयोग संपला. आम्ही दोन्ही कामं ट्रान्झॅक्शनमधे (एकतर सगळं होतं नाहीतर काहीच नाही) घेतली आणि आधी लॉटची ओळ अपडेट करायची, त्यातच अट की लॉट उघडा असेल तरच, मग किती ओळी बदलल्या ते बघायचं, शून्य आलं की ४०९ (टक्कर झाली असं सांगणारा एचटीटीपी कोड) परत. ओळीवर पोस्टग्रेसचं (आमच्या डेटाबेसचं) लॉक बसतं, त्यामुळे दुसरी रिक्वेस्ट थांबते आणि तिला लॉटची ताजी स्थितीच दिसते. डबल रिक्वेस्टसाठी मोबाइल प्रत्येक वजनाला आधीच एक युनिक आयडी देतो, टेबलावर युनिक इंडेक्स (एकच आयडी दोनदा बसू न देणारा) आहे, तोच आयडी परत आला की नवीन नोंद न करता जुनंच उत्तर द्यायचं. एवढं केलं आणि डबल कट्ट्याची तक्रार बंद.

टाइमआउटवर माझी खरी नाराजी आहे. गोच्या एचटीटीपी सर्व्हरला आणि डिफॉल्ट क्लायंटला मुळात टाइमआउटच नसतो, तो आपणच लावायचा. भर हंगामात आमच्या मेसेज कंपनीचा सर्व्हर लटकला, एररही देईना आणि उत्तरही देईना, अशा वेळी टाइमआउट नसला तर गोरूटीन नुसती साचत जातात. तीन सेकंदांचा कॉन्टेक्स्ट (वेळ संपली की काम रद्द करणारी गोची सोय) लावलेला होता म्हणून पट्ट्या निघत राहिल्या.

मेसेज पाठवायला हँडलरमधून नुसतं एक गोरूटीन सोडून देण्याचा मोह सगळ्यांना होतो. तसं करू नका. हँडलर संपला की रिक्वेस्टचा कॉन्टेक्स्ट कॅन्सल होतो, तोच पुढं दिला असेल तर मेसेज अर्ध्यात मरतो. हँडलरमधला पॅनिक (कोड मधेच कोसळणं) सर्व्हर सांभाळून घेतो, पण तुम्ही सोडलेल्या गोरूटीनमधला पॅनिक सगळा प्रोसेस पाडतो. आणि डिप्लॉय करताना चालू असलेले मेसेज गेले ते गेलेच. त्यापेक्षा पट्टीच्याच ट्रान्झॅक्शनमधे "पाठवायचे मेसेज" अशा टेबलात ओळ टाकायची आणि वेगळा वर्कर (मागं चालणारा प्रोग्राम) स्किप लॉक्ड (दुसऱ्यानं धरलेली ओळ सोडून पुढची घ्यायची डेटाबेसची सोय) वापरून ती उचलतो. वर्कर दोन असले तरी एकच ओळ दोघं एका वेळी धरत नाहीत.

डेटाबेस पूलचं (उघड्या ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्याचं) पण बघा, गो मधे उघड्या कनेक्शनला डिफॉल्ट मर्यादाच नाही आणि पोस्टग्रेस डिफॉल्टला १०० कनेक्शन देतो, त्यामुळे आकडा स्वतः ठरवा.

त्रास म्हणाल तर जेसनचा (ॲप आणि सर्व्हरमधे डेटा ज्या रूपात जातो त्याचा). हमाली शून्य आली का हमाली आलीच नाही, हे साध्या फील्डवरून कळत नाही, पॉइंटर (जो रिकामाही राहू शकतो) वापरावा लागतो, आणि पैशाच्या कामात हा फरक मोठा आहे. रकमा आम्ही पूर्णांकात, रुपयांत नाही तर पैशांत ठेवतो, फ्लोट (दशांश आकडा) कुठंच नाही. दर चार ओळींनी एरर तपासायचा कंटाळा येतो हे खरं, पण त्यामुळेच कुठं काय फसू शकतं ते कोड वाचतानाच दिसतं, आणि आमच्याकडं कॉलेजातून नुकती आलेली पोरं दुसऱ्याचा कोड लवकर समजून घेतात.

नुसता फॉर्म भरून सेव्ह करायचा ॲप असेल तर तुम्हाला येतं त्यातच करा, बदलायची काही गरज नाही. पण एकाच नोंदीवर चार जण एकदम हात घालतात असं काम असेल, तर गो नक्की घ्या, मात्र पहिल्या आठवड्यातच टाइमआउट, युनिक इंडेक्स आणि रेस डिटेक्टर बसवून घ्या. ऑगस्ट २०२५ च्या गो १.२५ मधे सिंकटेस्ट हे टेस्टचं पॅकेज पक्कं झालंय, त्यात टेस्टमधली वेळ खोटी चालते, खरे तीन सेकंद थांबावं लागत नाही. आमच्या रिट्राय आणि टाइमआउटच्या टेस्ट सध्या त्यावर न्यायलोत, खरीप बाजारात यायच्या आत ते काम उरकायचंय.