ऑपरेशनच्या आधी दोन वेगळे निर्णय: बायोबँकेला गाठीचा तुकडा द्यायचा की स्वतःची जेनेटिक टेस्ट करायची?

माझ्या मामेबहिणीचं ब्रेस्टचं ऑपरेशन होतं तेव्हा आदल्या संध्याकाळी सिस्टरने सह्यांचा गठ्ठाच आणून ठेवला, भूल, रक्त, इन्शुरन्स आणि त्यातच एक बायोबँकेचा (म्हणजे संशोधनासाठी नमुने साठवून ठेवणाऱ्या बँकेचा) फॉर्म. ताई म्हणाली, अगं ही जीनची टेस्ट दिसतेय, करून टाकते, पोरीला उपयोग होईल. पेन टेकवलंच होतं तिने. मी फॉर्म वाचला तर टेस्टबिस्ट काही नव्हती, गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवू का एवढंच विचारलं होतं. हा घोळ भरपूर जणांचा होतो म्हणून लिहितेय.

आधी नमुन्याचं बघू. बायोबँकेत जातो तो तुमच्या ऑपरेशनमध्ये तसाही बाहेर निघणारा तुकडा, तोही पॅथॉलॉजीवाल्यांनी निदानासाठी लागेल तेवढा घेतल्यावर उरला तर. जेनेटिक टेस्टला मात्र गाठ लागतच नाही, थोडं रक्त किंवा लाळ पुरते. याचं कारण समजलं की अर्धा गोंधळ संपतो: गाठीतले बहुतेक जनुकीय बदल फक्त गाठीतच झालेले असतात, ते मुलांकडे जात नाहीत. आईवडिलांकडून आलेला दोष मात्र शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो म्हणजे रक्तातही. म्हणूनच बायोबँकवाले बऱ्याचदा तुकड्याबरोबर रक्ताची एक ट्यूबही मागतात, दोन्ही शेजारी ठेवून बघितलं की घरातून आलेलं काय आणि नंतर झालेलं काय ते कळतं.

आता हातात काय पडतं? बायोबँकेकडून सहसा काहीच नाही. नमुन्यावर तुमच्या नावाऐवजी कोड नंबर लागतो, तो फ्रीझरमध्ये जातो आणि कधीतरी कुठल्यातरी अभ्यासात वापरला जातो. टेस्टमध्ये काही आठवड्यांत तुमच्या नावाचा रिपोर्ट येतो आणि त्यावर ठरवता येतं, एमआरआय सुरू करायचा का, बीजकोश काढायचे का, भावाबहिणींनी तपासायचं का. ब्रेस्ट आणि बीजकोशाच्या कॅन्सरशी जोडलेली दोन जनुकं म्हणजे बीआरसीए १ आणि २. बीआरसीए १ मध्ये दोष असेल तर ८० वर्षांपर्यंत ब्रेस्ट कॅन्सरची शक्यता साधारण ७२ टक्के आणि बीआरसीए २ मध्ये ६९, बीजकोशाच्या कॅन्सरची ४४ आणि १७, हे २०१७ साली आलेल्या मोठ्या अभ्यासातले आकडे. पण तो अभ्यास मुख्यतः युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांवरचा आहे, आणि खरी गोम इथेच आहे. आपल्याकडच्या रिपोर्टमध्ये कितीदातरी 'व्हीयूएस' असं येतं, म्हणजे बदल सापडला पण तो घातक की निरुपद्रवी ते सांगता येत नाही, कारण तुलनेला आपल्या लोकांचे नमुने कमी आहेत. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम म्हणजे संपूर्ण डीएनए वाचले ते त्यासाठीच चांगलं झालं. पण कॅन्सर झालेल्यांच्या गाठी आणि रक्त हे बायोबँकांतूनच मिळणार. टाटा मेमोरियलची ऊती बँक आहे, आयआयटी मद्रासमध्ये राष्ट्रीय कॅन्सर ऊती बायोबँक आहे.

पैशाचं काय तर बायोबँक फुकट, आणि तुम्हालाही पैसे मिळत नाहीत. टेस्ट स्वतःच्या खिशातून काही हजारांची. करायचीच तर आधी जिला कॅन्सर झालाय तिची करा, मुलीची नाही. आईत दोष सापडला तर मुलीत नेमका तोच शोधायचा असतो आणि तो असण्याची शक्यता निम्मी. आणि हो, दोष वडिलांकडूनही येतो, आत्याला काय झालं होतं तेही विचारा, मावशीपुरतं थांबू नका. लग्नाला अडचण येईल म्हणून मुलीची टेस्ट टाळणारे मी पाहिलेत, मला ते पटत नाही पण घरोघरचं वेगळं.

प्रायव्हसीत बायोबँक मला उलट सेफ वाटते, कारण तिथे कोड असतो आणि टेस्टचा रिपोर्ट मात्र तुमच्या फाइलमध्ये बसतो. अमेरिकेत जेनेटिक माहितीवरून हेल्थ इन्शुरन्स आणि नोकरीत भेदभाव करू नये म्हणून २००८ चा जिना कायदा आहे (लाइफ इन्शुरन्स त्यातही येत नाही), आपल्याकडे तसा वेगळा कायदाच नाही. पॉलिसी घ्यायची असेल तर टेस्टच्या आधी याचा विचार करा.

एक गोष्ट मात्र फॉर्मवर कुणी ठळक सांगत नाही, ती म्हणजे ब्लॉक. तुकडा दोन प्रकारे टिकवतात. एक लगेच गोठवून, उणे ८० च्या फ्रीझरमध्ये नाहीतर उणे १९६ च्या द्रव नायट्रोजनमध्ये, यात डीएनए, आरएनए चांगले राहतात पण ओटीतून निघाल्यावर पळापळ करावी लागते. दुसरा फॉर्मलिनमध्ये ठेवून मेणात बसवलेला ब्लॉक, साध्या कपाटात वर्षानुवर्षं राहतो, पण फॉर्मलिनमुळे डीएनएचे तुकडे पडतात. निदान याच ब्लॉकवर होतं आणि उद्या दुसऱ्या हॉस्पिटलात ओपिनियन घ्यायला गेलात की पहिलं वाक्य हेच, ब्लॉक आणि स्लाइड्स घेऊन या. त्यामुळे विचारून घ्या, संशोधनासाठी माझा निदानाचा ब्लॉक संपवणार का? गोठवलेला उरलेला तुकडा घेणार असतील तर बिनधास्त द्या.

सही मागे घेता येते, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तसं आहे, फक्त वापरून झालेला नमुना परत येत नाही. आणि 'पुढे काही सापडलं तर संपर्क करू का' अशी चौकट फॉर्मवर असली तर हो करा. संशोधनात काही निघालं तरी ते क्लिनिकल लॅबमध्ये पुन्हा तपासल्याशिवाय त्यावर उपचार ठरवायचे नाहीत.

ताईने शेवटी बायोबँकेला होकार दिला, ब्लॉक सोडून. टेस्ट दोन महिन्यांनी काउन्सेलिंग करून केली आणि रिपोर्ट आला व्हीयूएस. पोरगी म्हणाली, म्हणजे पैसे वाया? काउन्सेलर म्हणाल्या, वर्षा-दोन वर्षांनी फोन करत जा, तोपर्यंत असे अजून नमुने जमले तर याचा अर्थ बदलू शकतो.