ऑप्टिकल केबलचे 6,100 रुपये : दुकानातल्या डेमोवर विश्वास ठेवू नका

होम थिएटरसाठी ऑप्टिकल केबल (टीव्हीचा आवाज अँप्लिफायरपर्यंत नेणारी) घ्यायला निघाला असाल तर आधी हे वाचा. 280 रुपयांना मिळणाऱ्या वस्तूचे माझ्याकडून 6,100 रुपये उकळले. लिहितानाही संताप होतोय.

आमचा अँप्लिफायर जुना, 5.1 चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफरवाला. त्याला एचडीएमआय नाही, मागे फक्त ऑप्टिकलचं भोक. नवीन टीव्ही आला म्हणून दोन मीटर केबल हवी होती, एवढंच. पेठेतल्या एका दुकानात गेले. "मॅडम, साधी घेऊ नका, आवाज मार खातो. ही ग्लास फायबरची आहे, सोन्याचा मुलामा, ॲटमॉसवाली." (ॲटमॉस म्हणजे आवाज डोक्यावरूनही येतोय असं वाटायला लावणारी डॉल्बीची पद्धत.) केबल 4,850 (म्हणे किंमत 6,500, पण तुमच्यासाठी कमी केली), घरी येऊन जोडणी 800, पाच वर्षांची वॉरंटी 450.

नुसत्या बोलण्यावर मी पैसे काढलेले नाहीत. 26 वर्षं बँकेत कॅश सांभाळली आहे, गोड बोलणारे रोज बघितलेत. त्याने दोन्ही केबली लावून दाखवल्या. साध्या केबलवर फक्त पुढचे दोन स्पीकर वाजले. महागडी लावली आणि मागचेही वाजायला लागले, हेलिकॉप्टर डोक्यावरून फिरलं. स्वतःच्या कानांनी ऐकल्यावर कोण नाही म्हणेल?

आता ऐका. मालक केबल बदलत होता तेव्हा बाजूच्या पोऱ्याच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. पडद्यावर डाव्या बाजूला मेनूची करडी पट्टी आली आणि गेली. अँपच्या निळ्या डिस्प्लेवर आधी 'पीसीएम' होतं, नंतर 'डॉल्बी डिजिटल' झालं. ही दोन्ही अक्षरं मी वाचली होती! साध्या केबलच्या वेळी टीव्ही पीसीएमवर, म्हणजे ऑप्टिकलमधून दोनच चॅनेल, दोनच स्पीकरांचा आवाज. महागडीच्या वेळी सेटिंग बदलून डॉल्बी डिजिटल केलं, म्हणजे मागच्या स्पीकरांचाही आवाज. केबलचा काडीचा संबंध नव्हता. त्या पोऱ्याचा अंगठा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पण दुकानात ग्राहकाने केबलकडे बघायचं की नोकराच्या हाताकडे?

उघडं पडलं तेही भरल्या घरात. शेजारी सिनेमा बघायला आलेले. भाच्याने डिस्प्ले बघितला आणि म्हणाला, "मावशी, ऑप्टिकलमधून ॲटमॉस येतच नाही." त्याने आपल्या घरची 280 ची केबल आणून लावली. तेच डॉल्बी डिजिटल, तेच मागचे स्पीकर, तोच आवाज. कुणी काही बोललं नाही, पण मला मान वर करवेना.

ऑप्टिकलमधून वायरीसारखी वीज जात नाही, लाल प्रकाश जातो. तोशिबाने 1983 मध्ये ही जोडणी काढली तेव्हापासून तत्त्व तेच. मग सोन्याचा मुलामा कशाला? दोन चॅनेल पीसीएम किंवा 5.1 चं डॉल्बी डिजिटल आणि त्याच्यासारखंच डीटीएस, घरी तिच्याकडून एवढंच मिळतं. ॲटमॉस हवं असेल तर एचडीएमआय लागतं, आणि अँपलाही ते कळावं लागतं. आमच्या अँपला कळतच नाही, आणि हे त्या मालकाला दिसत होतं. 'ग्लास फायबर'ही खोटं. पैसे परत मिळेनात तेव्हा मी केबल कटरने कापली. काचेच्या केबलमध्ये केसासारख्या बारीक तंतूंचा जुडगा असतो. हिच्यात मिलिमीटरभर जाडीची एकच पारदर्शक प्लास्टिकची दोरी निघाली, बोटाने वाकणारी.

जोडणीचे 800 तर निव्वळ दरोडा. दोन्ही टोकांच्या प्लास्टिकच्या टोप्या काढायच्या आणि टक आवाज येईपर्यंत दाबायचं, झालं. टोप्या काढायला विसरू नका, आवाज येत नाही आणि 'केबल खराब' म्हणून दुसरी गळ्यात मारतात. केबल घट्ट दुमडू नका. डेमो बघताना रिमोट स्वतःच्या हातात घ्या.

खोक्यावर ना छापील एमआरपी, ना आयात करणाऱ्याचं नाव. दोन्ही कायद्याने लागतात. पावती कच्ची, तिच्यावर नुसतं 'इलेक्ट्रिक सामान'. यूपीआयला दुकानाचं नाव न येता भलत्याच माणसाचं नाव आलं. असं दिसलं की तिथूनच परत फिरा.

परत करायला गेले तर भिंतीवरच्या पाटीकडे बोट : विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 सांगतो की सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवस धरायचे. हे म्हटल्यावर मालक हसला.

पोलीस चौकीत ऐकायला मिळालं, "केबल चालतेय ना? मग फसवणूक कसली? हे दिवाणी प्रकरण." अहो, खोटा डेमो दाखवून पैसे घेणं ही फसवणूक नाही तर काय आहे? एका साहेबांनी तर विचारलं, "एवढे पैसे दिलेच कशाला?" म्हणजे गुन्हेगार मी! सरकारी कार्यालयात म्हणाले सीलबंद खोकं आणा. सीलबंद खोक्यात काय आहे हे मला दिसणार कसं? दुसऱ्या टेबलावर पक्कं बिल मागितलं, आणि पक्कं बिल न देणं हीच माझी तक्रार होती! अर्ज घेतला, शिक्का मारला, नंतर 'निकाली' असा मेसेज. काय निकाली काढलं? मला कुणी एक शब्द विचारला नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातेय. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे तक्रारीचं शुल्क नाही, हे एकाही टेबलावर मला सांगितलं नाही. कापलेली केबल, खोकं, कच्ची पावती, यूपीआयचा स्क्रीनशॉट सगळं जोडलंय. परवा मालकाचाच फोन आला, 2,000 घ्या आणि विषय मिटवा. मी नाही म्हटलं. पूर्ण 6,100 हवेत.