चोवीस तासांचा नमुना: आर्वीतील एका तपासणी केंद्राचा अनुभव

कापूस वेचता वेचता आईच्या छातीत एकाएकी धडधड सुरू व्हायची, डोके ठणकायचे आणि ऐन थंडीत लुगडे घामाने भिजायचे; ती धुऱ्यावर बसून राहायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा पातीला लागायची. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्तदाब उतरलेला असे, त्यामुळे दोन वर्षे सगळ्यांनी तिला घाबरटच ठरवले. गावच्या आरोग्यसेविकेने एकदा वावरातच रक्तदाब मोजला, तेव्हा तो २१० निघाला.

नागपूरच्या हार्मोनतज्ज्ञांना मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतील फिओक्रोमोसायटोमा या गाठीची शंका आली. अशी गाठ रक्तदाब आणि धडधड वाढवणारी ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये मधूनमधून रक्तात सोडते, पण त्यांच्यापासून मेटानेफ्रिन मात्र गाठीतच सतत तयार होत असते. म्हणून झटका आलेला नसतानाही २४ तासांच्या लघवीत ते सापडते. हा नमुना आम्ही आर्वीतील एका संकलन केंद्रात दिला.

तेथील ताईंनी आम्ल घातलेला कॅन दिला आणि आईला समजेल असे सांगितले, "काकू, यात थेट नाही, मगात धरून हळू ओता, अंगावर उडू देऊ नका. सकाळी सहाची पहिली लघवी फेकायची, दुसऱ्या दिवशी सहाची मात्र यातच." कॅनवर पांढरी पट्टी चिकटवून त्यांनी वेळ लिहिली. चालू गोळ्यांची पाकिटेही त्यांनी मागून पाहिली, कारण अंगदुखीसाठी घेतलेल्या पॅरासिटामॉलनेसुद्धा काही पद्धतींत आकडा चुकू शकतो. कोणती गोळी थांबवायची हे मात्र त्यांनी डॉक्टरांवर सोपवले. दुपारी आई एकदा लघवी कॅनमध्ये ओतायला विसरली. फोन केला तेव्हा "चालेल" असे न म्हणता त्यांनी पुन्हा सुरुवात करायला लावली आणि दुसरा कॅन पैसे न घेता दिला. मला सर्वांत मोलाची वाटली ती ही सचोटी, कारण अपुऱ्या नमुन्याने गाठ हुकू शकते.

तक्रार एकच आहे. आठवड्यात मिळणारा अहवाल बाराव्या दिवशी आला आणि मधल्या काळात कोणी फोन उचलला नाही. मेटानेफ्रिनचा आकडा सामान्य वरच्या मर्यादेच्या सहापट असलेल्या रुग्णासाठी ही दिरंगाई गंभीर आहे.

त्यानंतरच्या सीटी स्कॅनमध्ये उजवीकडे ४ सेंटिमीटरची गाठ दिसली. शस्त्रक्रियेआधी रक्तदाब आटोक्यात ठेवणाऱ्या अल्फा ब्लॉकर गोळ्या सध्या सुरू आहेत. या केंद्रात जाणाऱ्यांनी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत आणि अहवालाची तारीख पावतीवर लिहून घ्यावी.