उलुरूपेक्षा काटा जुटाला जास्त वेळ द्या: ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी उद्यानातल्या पायवाटा

मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू-काटा जुटा राष्ट्रीय उद्यानात येणारे बहुतेकजण सगळा वेळ उलुरू या प्रचंड खडकाला देतात आणि काटा जुटा या घुमटाकार खडकांच्या समूहाला संध्याकाळी गाडीतून धावती भेट देऊन परततात. ज्याला चालायची आवड आहे त्याने नेमकं उलटं करावं. उद्यानातली सर्वोत्तम पायवाट काटा जुटात आहे, तिचं नाव व्हॅली ऑफ द विंड्स. हाताशी एकच सकाळ असेल तर ती डोळे झाकून हिला द्यावी.

पूर्ण वळसा 7.4 किलोमीटरचा आणि वेळ चार तास. अंतराच्या मानाने चार तास जास्त वाटतात, पण इथे वेळ खातो तो पायाखालचा खडक. उलुरू वालुकाश्माचा आहे. काटा जुटाचे 36 घुमट मात्र ग्रॅनाइट आणि बेसाल्टचे गोलसर दगड-धोंडे वाळू-चिखलात घट्ट बसून तयार झालेल्या खडकाचे आहेत. जवळून पाहिलं तर मुठीएवढ्या गोट्यांपासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळं भिंतीतून बाहेर आलेलं दिसतं, आणि तेच पायवाटेवरही येतं. रुतलेले दगड उंचसखल आणि त्यांच्यावर सुटलेली खडी पसरलेली. चढताना याचं काही वाटत नाही, उतरताना मात्र घसारा सुरू होतो. गुळगुळीत तळव्यांचे स्पोर्ट्स शूज इथे दगा देतात. खोल खाचांचे, घोट्याला आधार देणारे बूट हवेत आणि उतारावर पाऊल आडवं टाकायची सवय हवी. गुडघे कुरकुरत असतील तर काठी जरूर घ्या.

पायवाटेचे तीन टप्पे पडतात. पहिला कारू लुकआउट, जाऊन-येऊन 2.2 किलोमीटर, साधारण तासभर. इथवर बहुतेकांना जमतं, पण इथूनच परत फिरलात तर खरी दरी बघायची राहून जाते. कारूनंतर वाट खाली दरीत उतरते आणि दोन्ही बाजूंनी घुमटांच्या भिंती जवळ येतात. दुसरा टप्पा करिंगाना लुकआउट, जाऊन-येऊन 5.4 किलोमीटर, अडीच तास. शेवटचा चढ उभा आहे आणि दोन भिंतींमधल्या अरुंद फटीतून वर नेतो. माथ्यावर पोचलं की पलीकडचे घुमट एकदम समोर उभे राहतात. उद्यानात याहून देखणी जागा नाही. करिंगानाहून आल्या वाटेने परतलात तरी महत्त्वाचं काही सुटत नाही. पूर्ण वळशाचा उरलेला भाग मोकळ्यावर निघतो आणि तिथे सावली कमी आहे. ऊन चढायच्या आत तो होणार असेल तरच पुढे जावं.

नियोजन चुकतं ते बंद होण्याच्या नियमाने. दिवसाच्या कमाल तापमानाचा अंदाज 36 अंश किंवा त्याहून जास्त असेल तर सकाळी 11 वाजता कारूच्या पुढची वाट बंद होते. निकष अंदाजाचा आहे, म्हणजे अकराला पारा 32 वर असला तरीही वाट बंदच. त्यामुळे अंदाज आदल्या रात्री पाहून ठेवा. उद्यानाबाहेरचं मुक्कामाचं गाव युलारा, तिथून काटा जुटा सुमारे 50 किलोमीटर. उद्यानाचं फाटक महिन्यानुसार वेगवेगळ्या वेळी उघडतं, डिसेंबर ते फेब्रुवारी म्हणजे इथल्या उन्हाळ्यात पहाटे 5 वाजता, जून-जुलैच्या थंडीत साडेसहाला. उन्हाळ्यात फाटक उघडताच आत शिरलं तरच चार तास निवांत मिळतात. स्वच्छतागृह सूर्यास्त पाहण्याच्या जागेजवळ आहे, तिथे थांबूनच पुढे निघा.

पाण्याचा हिशेब उन्हात माणशी ताशी एक लिटर. पूर्ण वळशाला चार लिटर होतात, वजन जाणवतं, तरी कमी करू नका. इथल्या कोरड्या हवेत घाम अंगावर टिकत नाही, लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळत नाही. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

काटा जुटातली दुसरी वाट वाल्पा घळीची, 2.6 किलोमीटर, एक तास. चढ सौम्य, पण पायाखाली तोच खडक. घळीचं तोंड पश्चिमेला असल्याने दुपार कलल्यावर प्रकाश आत शिरतो. थंडीत ही वेळ उत्तम. वारा मात्र सतत वाहतो, जॅकेट सोबत ठेवा.

उलुरूची पूर्ण प्रदक्षिणा 10.6 किलोमीटर, साडेतीन तास, जवळपास सपाट. अंतर मोठं पण श्रम कमी. सुरुवात माला पार्किंगपासून करा आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चाला. इथे दक्षिण गोलार्धात सूर्य बहुतांश वर्ष उत्तरेकडून तापतो आणि उलुरूची उत्तरेकडची बाजू लांबलचक व उघडी आहे. या दिशेने गेलं की ती बाजू सकाळच्या गारव्यात मागे पडते. ईशान्येच्या बाजूला अनंगू लोकांची, म्हणजे या जमिनीचे परंपरागत मालक असलेल्या आदिवासींची, पवित्र स्थळं आहेत, तिथे फोटो काढायला मनाई आहे आणि तशा पाट्याही आहेत. त्या पट्ट्यात कॅमेरा पिशवीतच ठेवा. खडकाची साल कुठे निघाली असेल तिथे थांबून पाहा. लाल रंग लोहाच्या गंजाचा आहे, आत दगड करडाच असतो.

पूर्ण प्रदक्षिणा नको असेल तर गाडीने दोन ठिकाणी थांबा. माला वाट जाऊन-येऊन 2 किलोमीटर, कुनिया वाट 1 किलोमीटर. दोन्ही व्हीलचेअरला चालतात. कुनिया वाट मुतिजुलू पाणवठ्यापर्यंत नेते आणि बाजूच्या गुहेत भित्तिचित्रं आहेत. दिवसाला एवढंच जमणार असेल तर कुनिया निवडा. सांस्कृतिक केंद्रापासूनची लिरू वाट, 4 किलोमीटर, झुडपांतून जाते. वेळ कमी असेल तर वगळा.

उलुरूवर चढाई 26 ऑक्टोबर 2019 पासून कायमची बंद आहे. चालणाऱ्याचं त्यात काहीच बुडालेलं नाही. उलुरूची खरी रचना, गुहा, पावसाच्या पाण्याने उमटलेल्या काळ्या रेघा, सगळं पायथ्यावरूनच दिसतं.

प्रौढांसाठी तीन दिवसांचा पास 38 ऑस्ट्रेलियन डॉलर, मुलांना प्रवेश मोफत. बुकिंग करताना चालू दर पाहा. पासातला 25 टक्के वाटा अनंगू मालकांना जातो. तीन दिवस योग्य आहेत, कारण एक सकाळ उष्म्यामुळे हुकली तरी दुसरी हाती राहते.

उणिवाही आहेत. उद्यानात मुक्कामाची सोय नाही, युलाराला राहावं लागतं आणि ते महागात पडतं. स्वतःची गाडी नसेल तर खासगी बसच्या वेळापत्रकाला बांधून घ्यावं लागतं आणि पहाटेची वेळ साधत नाही. काटा जुटाकडे निघण्यापूर्वी पेट्रोल युलारालाच भरा. मोबाइलला रेंज सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून कुठे चाललोय आणि कधी परतणार हे कुणाला तरी सांगून निघा.

हंगाम मे ते सप्टेंबर. जून-जुलैत पहाटे पारा शून्याखाली उतरू शकतो, तेव्हा कपडे एकावर एक असे घाला की चालता चालता काढता येतील. उन्हाळ्याच्या महिन्यांत माश्या डोळ्यांत, नाकात शिरतात. टोपीवर टाकायची बारीक जाळी युलाऱ्यातच विकत घेऊन ठेवा, वाटेवर ती कुठेच मिळणार नाही.