कामी आलेल्या स्कॉटिश शिपायाचं पदक: वॉटर्लू की दक्षिण आफ्रिका?

लढाईत कामी आलेल्या स्कॉटिश शिपायाचं एकच मोहीम-पदक घ्यायचं असेल, तर वॉटर्लू पदक आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांशी (मूळच्या डच वसाहतकऱ्यांशी) झालेल्या बोअर युद्धाचं क्वीन्स साउथ आफ्रिका पदक शेजारी ठेवून बघा. दोन्ही चांदीची, दोन्हींच्या कडेवर शिपायाचं नाव. तुलनेसाठी ब्लॅक वॉच ही एकच स्कॉटिश रेजिमेंट घेऊ.

वॉटर्लू पदकाचा मान मोठा. ब्रिटिशांचं हे पहिलं मोहीम-पदक, जे मृतांच्या वारसांनाही मिळालं. पण ब्लॅक वॉचची खरी कत्तल झाली ती वॉटर्लूच्या दोन दिवस आधी, १६ जून १८१५ ला, जवळच्याच कात्र ब्रा इथे. त्यांचे कमांडर सर रॉबर्ट मकारा तिथेच पडले. तिथे मेलेल्या शिपायाच्या पदकावरही ‘वॉटर्लू, १८ जून’ असंच लिहिलेलं असतं. शिवाय कडेवर शिपाई क्रमांक नसतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन शिपाई निघाले की ओळख पटवणं अवघड. किंमतही फार चढी.

दक्षिण आफ्रिकेचं पदक बोलतं कमी, पण तपासता येतं जास्त. ११ डिसेंबर १८९९ च्या पहाटे मॅगर्सफाँटेनला ब्लॅक वॉच जिच्यात होती ती हायलँड ब्रिगेड बोअरांच्या खंदकांसमोर सापडली. जनरल वॉकप यांच्यासह कितीतरी जण गेले. पदकाच्या फितीवर लढाईच्या किंवा प्रदेशाच्या नावाची धातूची पट्टी लावतात, पण या लढाईच्या नावाची पट्टी निघालीच नाही. त्या दिवशी मेलेल्या ब्लॅक वॉचच्या शिपायाच्या फितीवर फक्त ‘केप कॉलनी’ दिसते. मला हे फार लागतं, पण संग्राहकाला त्याचाच आधार मिळतो. अशा पदकावर ‘पार्डेबर्ग’ची पट्टी असेल तर ती मागाहून बसवलेली, कारण ती लढाई फेब्रुवारी १९०० ची. कडेवर क्रमांक असल्यानं पदक-यादी आणि मृतांची यादी ताडून बघता येते.

पहिलंच पदक घेणाऱ्यानं दक्षिण आफ्रिकेचंच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत. वॉटर्लूचं घ्यायचंच असेल तर व्हर्नियरनं (बारीक माप घेणाऱ्या कॅलिपरनं) व्यास मोजा. जुनं नाव घासून नवं ठोकलेलं असेल तर तो कमी भरतो. मूळची पोलादी कडी बदललेली असली तर मात्र बिचकू नका, ते नेहमीचंच आहे.

आपल्याकडच्या संग्राहकांना तिसरा मोह असतो मराठे-इंग्रज यांच्यातल्या असईच्या लढाईचा. जालना जिल्ह्यातल्या त्या रणात २३ सप्टेंबर १८०३ ला ७४ व्या हायलँडर्स या स्कॉटिश रेजिमेंटची दाणादाण उडाली. पण त्या मोहिमेचं ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ मध्ये निघालं, तेही हयात असलेल्यांसाठी. असईत मेलेल्या शिपायाचं म्हणून कुणी ते दाखवलं, तर व्यवहार तिथेच थांबवा.